पेला आणि पंगत

घरी पाहुणा आला की आपण त्याला विचारतो, "काय घेणार? चहा, सरबत, की ताक?" हा प्रश्न इतका सवयीचा झाला आहे की त्याच्यामागे दुसराही एक प्रश्न उभा असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. काय प्यायचे हे ठरण्यापूर्वी कुणाच्या हातचे प्यायचे आणि कुणाच्या मांडीला मांडी लावून प्यायचे, हे आपल्याकडे ठरलेले असते. आपल्या भाषेनेच त्याची साक्ष ठेवली आहे. 'त्यांचे पाणी आम्हांला चालत नाही' या वाक्यातले पाणी गढूळ नसते, खारट नसते. ते फक्त 'त्यांचे' असते. रोटीव्यवहार, पंक्तिप्रपंच, वाळीत टाकणे हे सारे शब्द जेवणाखाण्याच्या आसपासचे, आणि तरीही त्यांचा भुकेशी काडीचा संबंध नाही. एखाद्या समाजाची नीती त्याच्या पोथ्यांत शोधण्यापेक्षा त्याच्या मोरीवर घासायला पडलेल्या भांड्यांत शोधावी, असे मला कधी कधी वाटते. कोणता कप कुणाच्या कपाबरोबर विसळला जातो आणि कोणता वेगळा ठेवला जातो, हे पाहिले की बरेचसे कळून चुकते.

याचा सर्वांत गाजलेला दाखला पुण्याचा आहे. १८९० साली तेथल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी निमंत्रणावरून जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रम आटोपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कुणी कप तोंडाला लावला, कुणी यजमानांचा मान राखण्यापुरता तो नुसता हातात धरला. पुढे आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, आणि अखेर रानडे व टिळक या दोघांनाही आपापल्या परीने प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. देशाला शहाणे करायला निघालेली माणसे एका कपभर चहाने अडचणीत आली. तोच चहा त्यांनी आपल्या माडीवर घेतला असता तर कुणाचे काहीच म्हणणे नव्हते. दोष चहाचा नव्हता, तो कुणाच्या घरचा होता याचा होता.

हे सारे जुने झाले, आता शहरात हे कोण पाहतो, असे वाचक म्हणतील. तेच पाहावे म्हणून नव्हे, पण माझ्या एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून मी गेल्या मे महिन्याच्या सुटीत आठ दिवस मुंबईस जाऊन राहिले, आणि परतताना या प्रश्नाचे गाठोडे बरोबर घेऊन आले. ही मुलगी इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातली, तिथल्या बौद्धवस्तीतली. शाळेत माझ्या वर्गात होती. आता लोअर परळच्या एका मोठ्या इमारतीत नोकरी करते. तिचे आजोबा त्याच परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला, त्याने अडीच लाखांच्या घरात कामगारांना रस्त्यावर आणले. त्यांतल्या कित्येकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. आजोबा त्यांतलेच; ते गावी परतले आणि दुसऱ्याच्या शेतावर राबले. नात शिकून पुन्हा त्याच परळात गेली. वाळवे तालुक्यातल्या माणसाला मुंबईची ही वाट नवी नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे वडिलांबरोबर पायी चालत तिकडे गेले. आम्ही पेठ नाक्यावर रात्रीच्या गाडीत बसतो आणि उजाडता दादरला उतरतो, एवढाच काय तो फरक.

मुलीने मला मुंबई दाखवायचे ठरवले होते, पण राणीचा बाग आणि गेटवे दाखवण्यात तिला रस नव्हता. "बाई, तुम्हांला मी मुंबई खायला-प्यायला घालणार," ती म्हणाली. तिने शब्द पाळला.

पहिल्या दिवशी धोबीतलावावर कयानीच्या हॉटेलात गेलो. हे इराण्याचे दुकान १९०४ सालचे. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर अशी हॉटेले उघडली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इथले व्यापारी ती घेत नसत आणि इराण्यांनी ती बिनदिक्कत घेतली, असे सांगतात. आपल्या अंधश्रद्धेतून दुसऱ्याचा संसार उभा राहिल्याची ही गोष्ट खरी असो वा नसो, मनाला पटणारी आहे. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, जुनी टेबले, चहात बुडवून खायचा ब्रुन मस्का. आमच्या शेजारच्या टेबलावर एक वृद्ध वकील वर्तमानपत्र वाचीत होते आणि त्यांच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुरियरची पिशवी मांडीवर घेतलेला एक तरुण ऑम्लेट खात होता. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते; ओळख करून घेण्याची दोघांनाही गरज वाटत नव्हती. आमच्याकडे असे दोघे एका टेबलावर आले असते, तर पाच मिनिटांत "गाव कुठलं?" पासून सुरुवात होऊन एकमेकांची कुळी निघाली असती.

चर्चगेटजवळच्या खाऊगल्लीत उभ्याने खाल्ले, दादरला वडापाव खाल्ला. वडापावचा जन्म १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असे मानतात. पाळीच्या भोंग्याला पळणाऱ्या कामगाराला ताट-वाटी घेऊन बसायला सवड कोठली? हातात धरून चालता चालता खाता येईल असे अन्न त्याला हवे होते. त्याच कामगाराला डबा घालणाऱ्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया मला या साऱ्या इतिहासात फार मोठ्या वाटतात. दोन खणांच्या खोलीत रांधून त्यांनी मुंबईचे कापड विणणाऱ्यांना जगवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे या बायांना बँकेचे दार उघडले आणि सावकाराच्या व्याजातून त्यांची मान सुटू लागली.

पण मला सगळ्यांत अपूर्वाई वाटली ती टपरीची. मुलीच्या कचेरीबाहेर फुटपाथवर चहाची टपरी आहे. दुपारी चारला तिच्याभोवती घोळका जमतो. गळ्यात ओळखपत्र लटकावलेली मुले-मुली, इमारतीचा पहारेकरी, टॅक्सीवाला, आणि त्या दिवशी मी. सगळ्यांच्या हातात तोच लहान ग्लास, तोच कटिंग. मी उभी राहून चहा प्याले. पुरुष वाचकांना यात काय विशेष ते कळणार नाही. इस्लामपुरात बसस्थानकाच्या आसपास पुष्कळ टपऱ्या आहेत. त्यांच्यावरून मी वीस वर्षे शाळेत ये-जा करते, पण तिथे उभी राहून मी आजवर घोटभर चहा घेतलेला नाही. मला कुणी मनाई केलेली नाही. मनाई करावी लागतच नाही. टपरी म्हणजे समतेचे देऊळ, तिथे रावरंक सारखे, असे आमचे लेखक फार प्रेमाने लिहितात. त्या रावरंकांत बाई धरलेली नसते, एवढे लिहायचे राहून जाते.

तेव्हा पहिल्या चार दिवसांत मी या शहरावर बेहद्द खूश होते. इथे कुणी कुणाला विचारीत नाही! ज्या एका प्रश्नाने आपल्या समाजाची पंगत पिढ्यान्‌पिढ्या मोडून ठेवली, तो प्रश्नच या गर्दीने गिळून टाकला. रानड्यांना जे प्रायश्चित्त घ्यावे लागले, ते आज मुंबईत घ्यायचे म्हटले तर ओळीने एक कोट माणसांना घ्यावे लागेल.

खरी गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. हे शहरही एके काळी विचारीत होते, आणि नेमके याच परळात विचारीत होते. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाकडे, पगार जास्त मिळे. तेथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. म्हणून स्पृश्य कामगारांनी अस्पृश्यांना त्या खात्यात पाऊल टाकू दिले नाही. मालक हरकत घेत नव्हते असे नाही, पण मुख्य आडकाठी शेजारच्या साच्यावरच्या भावाची होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि कामगार-एकीच्या गोष्टी करणाऱ्यांना त्याचे उत्तर देणे जड गेले. यंत्र नवे, वाफ नवी, वीज नवी, आणि सुताच्या टोकावर बसलेला विटाळ मात्र गावाकडून बरोबर आलेला! शहराने आपण होऊन भेद मिटवला, हा समज म्हणूनच मला टिकाऊ वाटत नाही. ज्या ठिकाणी भेद पाळणे परवडत नव्हते तेथे शहराने तो सोडला. जेथे पाळल्याने कुणाचा तरी पगार राखला जात होता तेथे त्याने तो जपला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाई, आज पबमध्ये जायचं. ऑफिसातली चार मंडळी आहेत. तुम्हांला काही प्यायला हवं असं नाही."

तो पब एका जुन्या गिरणीच्या आवारात होता. आता परळात बहुतेक गिरण्यांच्या जागी हेच आहे. फिनिक्स, कमला, मथुरादास ही नावे कापडाऐवजी खाण्यापिण्यासाठी घेतली जातात. दारावरच्या दांडग्या रक्षकाने माझ्या सुती साडीकडे आणि हातातल्या पिशवीकडे पाहिले, पण अडवले नाही. आत काचेच्या भिंतीमागे पोलादी टाक्या उभ्या होत्या. बिअर तिथेच तयार होते, थोडी थोडी, निरनिराळ्या चवींची. आपल्याकडे हा प्रकार २००९ साली पुण्यात डूलालीने सुरू केला आणि मग तो मुंबईत आला. वाढणाऱ्या मुलाला मी तिची कृती विचारली. मास्तरणीची खोड. त्यानेही उत्साहाने सांगितली. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून ते उकळायचे आणि निवल्यावर यीस्ट सोडून आंबवत ठेवायचे. मला हसू आले. मोड आणणे आणि आंबवणे हे आमच्या स्वयंपाकघराला का नवीन आहे? त्यांतल्या एका बिअरचे नावच 'इंडिया पेल एल'. ती म्हणे पूर्वी विलायतेहून गलबतात भरून इथल्या गोऱ्या साहेबासाठी येत असे. ती आता देशी मुलांनी देशी मुलांसाठी परळात बनवलेली होती.

मी काय घेतले, याची उत्सुकता वाचकांना असणार. मी लिंबू-सोडा घेतला. त्यात पुण्य मिळवले असा माझा दावा नाही. आमचा वाळवे तालुका हा क्रांतिसिंह नाना पाटलांचा. पत्रीसरकारने सावकार आणि गावगुंड यांच्याबरोबर दारूच्या गुत्त्यांवरही हत्यार धरले होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या वर्गातली मुले सकाळी डोळे सुजवून येतात, तेव्हा रात्री घरी काय झाले ते विचारावे लागत नाही. निम्म्याहून अधिक बायांनी मत देऊन बाटली आडवी करायची आणि दुकान बंद पाडायचे, हा कायदा आमच्याकडच्या बायांना तोंडपाठ आहे. तेव्हा दारूविषयी माझे मत बदलण्याचे कारण नाही. गंमत अशी की कायद्याचे मतही कागदोपत्री बदललेले नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा, नाव पालटून का होईना, आजही आहे. दारू पिण्यास परवाना लागतो, म्हणून तर आमच्याकडच्या पाट्यांवर 'परमिट रूम' असे लिहिलेले असते. बिअरला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. आणि त्या कडक दारूतली बरीचशी उसाच्या मळीपासून होते. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस गाळून उरलेली मळी कुठे तरी मद्य होऊन शहराच्या पेल्यात उतरते, आणि आम्ही शहर बिघडले म्हणून हळहळतो.

पण त्या संध्याकाळी माझे लक्ष पेल्यांकडे फार वेळ राहिले नाही. टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो, त्यांत तीन मुली. त्या मोकळेपणाने बोलत होत्या, हसत होत्या, आणि आसपासच्या टेबलांवरून कुणी मान वळवून पाहत नव्हते. ज्या मुलीला माझ्या वर्गात उत्तर येत असूनही ती हात वर करीत नसे, ती इथे एका जाड्या मुलाचे बोलणे मध्येच तोडून म्हणत होती, "थांब, तुझं साफ चुकतंय." हे पाहून मला फार बरे वाटले. मनात आले, या काचेच्या घरात दारूचे जे काही दुष्कृत्य चालत असेल ते असो. माझ्या मुलीचा आवाज इथे मोठा झाला आहे, आणि तो मोठा करण्याचे श्रेय ना माझ्या शाळेला घेता येईल, ना तिच्या गावाला.

मग त्याच जाड्या मुलाने मला सहज विचारले. मुलगा मराठी, बोलण्यात मार्दव, मनात काही वाईट असेल असे वाटत नव्हते. "मॅडम, तुम्ही इस्लामपूरच्या ना? हिचं आडनाव तुमच्याकडे कोण लावतात?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला ओळखू येतो. त्यात 'जात' हा शब्द नसतो, आणि दुसरे काहीही नसते. मुलगी पेल्याच्या बाहेरच्या अंगावर जमलेले पाण्याचे थेंब बोटाने पुसत राहिली. मी म्हणाले, "हिचं आडनाव? आमच्या शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस घेणारी मुलं लावतात." सगळे हसले आणि बोलणे दुसरीकडे गेले. तिच्याविषयी जे सांगायचे ते सांगण्याचा हक्क तिचा होता, माझा नव्हता, म्हणून मी तसे बोलले.

रात्री तिच्या खोलीवर आम्ही पुष्कळ वेळ जागलो. ती म्हणाली, "बाई, इथं कुणी विचारत नाही, हेच मला आवडतं. आणि कुणी विचारलं की कळतं, आपण किती दिवस त्याच्यावर टेकून उभे होतो." आजोबांच्या वेळी गिरणीचा भोंगा होता, चाळ होती, भजनाचा फड होता, सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊक होते. हिच्याभोवती आहेत ते स्नेही तिच्यावर प्रेम करतात, पण ती कोण हे त्यांना माहीत नाही. माहीत झाल्यावर त्यांचे प्रेम तेवढेच राहील की नाही, हे तिला माहीत नाही. मुंबईने तिला खुर्ची दिली खरी, पण पाठ टेकून बसावे असा भरवसा दिला नाही.

मी तिला कोल्हापूरची गोष्ट सांगितली. आमच्या भागात ती सर्वांना ठाऊक आहे. गंगाराम कांबळे हे दरबारच्या चाकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढायला लावले. पाटी लागली, चूल पेटली, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज फिरायला निघाले की गाडी तिथे थांबवीत, भर रस्त्यात गंगारामांकडे चहा मागत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजत. राजाने घेतल्यावर बरोबरच्यांना 'नको' म्हणण्याची सोय नव्हती. "बघ," मी म्हणाले, "महाराजांना सगळं माहीत होतं. हात कुणाचा, जात कोणती, आपल्यामागे लोक काय बोलणार, हे सगळं जाणून ते प्याले. इराण्याच्या हॉटेलात शेजारचा कोण हे कुणाला माहीत नसतं, म्हणून चालतं. ते न जाणता बसणं आणि हे जाणून बसणं, यांत फार अंतर आहे."

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पण बाई, राजानं गाडी थांबवायची वाट कुणी आणि किती बघायची?"

या प्रश्नापुढे माझी गोष्ट अपुरी पडली, हे मला मान्य केले पाहिजे. मोठ्या मनाच्या माणसाने येऊन आपला कप उचलावा, यात उचलणाऱ्याचा मोठेपणा आहे. पण ज्याचा कप उचलला जातो त्याचा मान दुसऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर टांगलेला राहतो. महाराज १९२२ साली गेले. पुढच्या पाचच वर्षांत, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्यावर माणसे गेली आणि कुणी राजा आपल्याकडे येण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. आपण कोण हे लपवून ते पाणी घेतले असते, तर त्यांतल्या कित्येकांना ते एरवीही मिळाले असते. लपवायचे नाही आणि मागायचेही नाही, हा त्या ओंजळीचा अर्थ होता. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तळी सर्वांना खुली केली. त्या कलमात हॉटेलाचा उल्लेख व्हावा, हे मला विलक्षण वाटते. देशाच्या सर्वोच्च कायद्यात चहाच्या दुकानाला जागा मिळते, याचाच अर्थ चहाच्या दुकानात पूर्वी माणसाला जागा मिळत नव्हती. आणि त्याच घटनेचे सत्तेचाळिसावे कलम सरकारला दारूबंदीचा प्रयत्न करायला सांगते. दोन्ही कलमे लिहिणाऱ्यांना माणूस काय पितो याचीही काळजी होती, आणि कुणाबरोबर पितो याचीही. आपण पहिल्याविषयी सभा भरवतो. दुसऱ्याविषयी बोलणे टाळतो.

शहराच्या नव्या पंगतीविषयी आणखी एक बोलायला हवे. तिथे जात विचारत नाहीत, पण दर विचारतात. मी पाहिले त्या पबमधल्या एका पेल्याची किंमत आमच्याकडच्या भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या हजेरीहून अधिक होती. दारावरचा तो दांडगा रक्षक रात्री बाहेर पायरीशी डबा उघडून बसला होता; तो आत कधी गिऱ्हाईक म्हणून येईल, असे त्यालाही वाटत नसेल. न विचारण्याची सभ्यता तिकीट काढून मिळते, आणि ज्यांच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत त्यांना गावातल्या टपरीवरच्या प्रश्नाला तोंड देणे चुकत नाही. त्यातल्या त्यात बाईला तर टपरीही नाही. म्हणून पबला नुसती नावे ठेवून किंवा नुसते डोक्यावर घेऊन भागत नाही. आमच्या मुलींना मोकळा श्वास घ्यायला एवढी महाग जागा का शोधावी लागते, याचा जाब पबला नाही, आमच्या बसस्थानकाला विचारला पाहिजे.

आता माझ्यापुरता जो निर्णय मला करता आला, तो सांगते. 'विचारू नये' हा मोठा सद्‌गुण आहे असे मी आठ दिवसांपूर्वीपर्यंत मानीत असे. आताही तो मला दुर्गुण वाटत नाही. थकल्याभागल्या माणसाला सावलीची जितकी गरज असते, तितकीच आपल्या समाजात अनोळखीपणाची कित्येकांना गरज आहे, आणि ती भागवणाऱ्या शहराचे उपकार आहेत. पण सावलीत घर होत नाही. विचारणे वाईट की चांगले, हे प्रश्नावर ठरत नाही. उत्तर ऐकल्यावर विचारणारा कोणीकडे सरकतो, यावर ठरते. त्या मुलाने आडनाव विचारले ते माणूस कोणत्या खणात ठेवायचा हे ठरवण्यासाठी. शाहू महाराजांना ठाऊक होते, आणि ठाऊक असूनच ते पुढे सरकले. जगातल्या सगळ्या पंगती या दोन सरकण्यांवर मोडतात आणि जुळतात.

ही परीक्षा मुंबईत देता येत नाही, कारण तिथल्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्नच नसतो. ती द्यायची जागा इस्लामपूर, किंवा त्याच्यासारखे तुमचे गाव. इथे कुणाचे आजोबा कोण, कुणाचे घर कोणत्या अंगाला, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. हेच आमच्या गावांचे दुखणे असे सगळे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण जाणून जवळ घेण्याचा पराक्रम जर कुठे घडायचा असेल, तर तो जिथे जाणतात तिथेच घडेल. दिवाळीचे दिवस आहेत. आपापल्या घरी फराळाची ताटे भरली जातील, चहाचे आधण चढेल, शिकून शहरात गेलेली मुले चार दिवसांसाठी गावाकडे येतील. त्यांतली काही मुले आपल्या दारावरून जातील आणि आत येणार नाहीत, कारण आपण त्यांना ओळखतो. शहराने त्यांना न विचारता बसायला खुर्ची दिली आहे. त्यांना नावाने हाक मारून आत बोलावणे आणि ओसरीवर जरा सरकून आपल्या शेजारी जागा करून देणे, हे काम अजून आपल्याकडे राहिले आहे.